परवान्याचे घर

उर्दू शायरीतला परवाना तुमच्या ओळखीचा आहे. मराठीत त्याला पतंग म्हणतात. तो शमेवर जळून मरतो, असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

एकदा पावसाळ्यात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गेलो. गवताच्या पात्यावर एक अळी दिसली. अशाच अळीचा पुढे पतंग होतो. गवत हेच तिचे अन्न आणि घर. माळ नांगरून तेथे ऊस, द्राक्षे लावली, की ती कोठे जाणार?

१९७९ साली येथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. किडे, नाकतोडे खाणारा हा मोठा पक्षी आता येथे क्वचितच दिसतो.

मुलांनो, दिवा विझवून परवाना वाचत नाही. त्याचे गवत वाचवावे लागते. माळाला कधीही पडीक म्हणू नका.