पाठीवरचा गारवा

टँपा, फ्लोरिडा
वैशाख वद्य पंचमी

चि. सौ. छोटीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. न्यू जर्सीतील शाळांना सुट्टी लागताच तुम्ही सर्वजण ऑर्लँडोस येणार, विहीणबाईही बरोबर असणार, आणि डिस्ने वर्ल्डची चारही उद्याने मुलांना मनसोक्त दाखवायचे ठरले आहे, हे वाचून घरात सर्वांना फार आनंद झाला. पत्राच्या अखेरीस, दिवसभर खाण्यापिण्याचे जिन्नस थंड राहतील अशी पाठीवर अडकवायची कूलर बॅग कोणती घ्यावी, असा जो प्रश्न तू विचारला आहेस, तो विचारताना तुला संकोच वाटलेला दिसतो. वस्तुतः तसे काहीच कारण नाही. ज्या कुटुंबात दोन लहान मुले आहेत आणि इन्शुलिन घेणाऱ्या, घरचेच अन्न पसंत करणाऱ्या एक वृद्ध बाई आहेत, त्या कुटुंबाचा फ्लोरिडातील आषाढाचा दिवस, जेव्हा दुपारचे तापमान ३२-३३ अंशांवर जाते आणि दमट हवेमुळे ते त्याहूनही असह्य भासते, सुखाचा जाईल की क्लेशाचा, हे पुष्कळ अंशी त्या एका बॅगेवर अवलंबून राहते. माझी उमेदीची वर्षे शीतगृहांच्या व्यवसायात गेल्यामुळे या विषयाबद्दल मला मनापासून आस्था आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियमांची बाजू प्रथम सांगतो, कारण बॅग दरवाजावरच अडवली गेली तर तिचे बाकीचे सारे गुण व्यर्थ. मॅजिक किंगडम १९७१ च्या ऑक्टोबरात सुरू झाले आणि पुढे एप्कॉट, हॉलिवूड स्टुडिओज व अ‍ॅनिमल किंगडम यांची त्यात भर पडली. या चारही ठिकाणी बाहेरचे अन्न आणि मद्यरहित पेये आपल्यापुरती आत नेण्याची मुभा आहे. मात्र त्या अन्नास तेथे गरम करण्याची वा फ्रीजमध्ये ठेवण्याची जरूर असू नये, त्यास उग्र वास नसावा, आणि लहान बाळाच्या खाण्याच्या बरणीसारखा अपवाद सोडल्यास काचेचे भांडे बरोबर असू नये. बॅगेसाठी लांबी २४ इंच, रुंदी १५ इंच आणि उंची १८ इंच ही कमाल मर्यादा आहे. सुटा बर्फ आणि ड्राय आइस यांस २०१९ पासून साफ मनाई असून, त्यांऐवजी पुन्हा पुन्हा गोठवता येणारे जेलचे पॅक चालतात. युनिव्हर्सलच्या उद्यानांचा शिरस्ता निराळा आहे: तेथे किरकोळ खाऊ, पाणी आणि पथ्याचे अन्न यांपलीकडे शिदोरी नेता येत नाही, आणि मऊ कूलर बॅगही सुमारे साडेआठ इंच रुंद व सहा इंच उंच एवढीच लहान लागते, सबब तिकडचा बेत झाल्यास ही बॅग घरी ठेवावी. असे नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा खातरजमा करून घ्यावी हे उत्तम.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कूलर बॅग स्वतः गारवा निर्माण करीत नाही. बाहेरच्या उष्णतेचा आत होणारा प्रवेश शक्य तितका लांबवणे, एवढेच तिचे कार्य आहे, आणि गारवा जो मिळतो तो आत ठेवलेल्या बर्फाच्या वितळण्यातून मिळतो. एक किलो बर्फ केवळ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या उष्णतेने एक किलो पाणी शून्य अंशापासून ऐंशी अंशांपर्यंत तापले असते. या बर्फाला त्याचे काम सावकाश करू देणे हीच बॅगेची खरी परीक्षा. १८३३ साली टस्कनी नावाचे जहाज बोस्टनहून सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी कलकत्त्यास लागले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. पुढे हाच व्यापार आपल्या मुंबईपर्यंतही आला. त्या जहाजाच्या पोटात कोणतेही यंत्र नव्हते; फळ्यांच्या भिंती आणि त्यांत ठासून भरलेला सालींचा कोरडा भुसा यांनी हवेला जागच्या जागी कोंडून धरले, आणि कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही, एवढ्याच तत्त्वावर ते यश मिळाले. आजच्या बॅगेच्या भिंतीतला फोम तेच काम करतो. भुशाऐवजी त्यात असंख्य सूक्ष्म, बंद बुडबुडे असतात इतकेच. यंत्राने बर्फ करण्याच्या विद्येचे एक मूळ तर याच फ्लोरिडात आहे. अ‍ॅपलाचिकोला या बंदरगावी जॉन गॉरी नावाचे वैद्य तापाच्या रुग्णांच्या खोल्या थंड करण्याच्या कळकळीने झटले आणि १८५१ मध्ये त्यांनी बर्फाच्या यंत्राचे पेटंट मिळवले. परंतु भांडवलाअभावी त्यांचा उद्योग उभा राहिला नाही, आणि १८५५ मध्ये ते उपेक्षितच वारले. आजाऱ्याच्या उशाशी गारवा असावा या इच्छेतून जी विद्या जन्मली, तिचा उपयोग आपण एका वृद्धेसाठी आणि दोन बालकांसाठी करीत आहोत, याचे मला मोठे समाधान वाटते.

या तत्त्वावरून दुकानात बॅग कशी पारखावी हे आपोआप ठरते. भिंत चिमटीत धरून दाबावी. फोम जाड, एकसंध आणि दाबल्यावर पूर्ववत होणारा असावा, आणि तो तळाशी व झाकणातही तितकाच असावा, कारण पुष्कळ बॅगांच्या बाजू जाड आणि झाकण मात्र पातळ असते. आतले चकाकते अस्तर पाहून भुलू नये. ते उष्णतेचे किरण परतवते हे खरे, पण त्यामागे जाड फोम नसेल तर त्या चकाकीचा उपयोग अल्पच. मग आत हात घालून कोपरे चाचपावेत: अस्तर शिवलेले असेल तर सुईच्या प्रत्येक छिद्रातून वितळलेले पाणी कालांतराने पाझरते आणि पाठ भिजवते, उलट तापवून जोडलेल्या अस्तरातून ते सहसा गळत नाही. चेन सरळ, जाड दातांची आणि एका हाताने उघडण्याजोगी असावी. झाकणातच हात जाईल एवढे लहान दार असेल तर अधिक चांगले, कारण एका बाटलीसाठी सारे झाकण उघडले की आतली थंड हवा निघून जाते. रंग फिका घ्यावा. जुनी बॅग स्वस्तात मिळत असल्यास एक गोष्ट अवश्य तपासावी: यती कंपनीच्या हॉपर एम-२० या पाठीवरच्या बॅगेचे तोंड लोहचुंबकांनी बंद होत असे, ते चुंबक निखळून लहान मुलांच्या पोटात जाण्याचा धोका असल्याने २०२३ च्या मार्चमध्ये कंपनीने तो माल परत बोलावला, तशी बॅग घरात मुले असताना घेऊ नये. आणि 'चोवीस तास थंड' अशी जी हमी वेष्टनावर छापलेली असते, ती भरपूर बर्फ आणि बंद झाकण गृहीत धरून दिलेली असते. मुले दर अर्ध्या तासाने झाकण उघडणार असतील तर ती हमी तुझ्या दिवसाला लागू होत नाही.

आकाराबाबत माझे मत ठाम आहे: नियमात बसते म्हणून मोठी बॅग घेऊ नये. अर्धी रिकामी मोठी बॅग भरलेल्या लहान बॅगेपेक्षा लवकर तापते, कारण तिचा पृष्ठभाग अधिक आणि तिच्यातला थंड ऐवज कमी. तुम्हा पाच जणांस पंधरा ते अठरा लिटरची बॅग पुरे. गोठवलेल्या चार अर्ध्या लिटरच्या बाटल्या, जेलचे दोन पॅक आणि डबे धरून तिचे वजन सुमारे सहा किलो होईल, आणि उन्हात दिवसभर चालताना त्याहून अधिक कोणाच्याही पाठीवर असू नये. सबंध दिवसाचे पाणी वाहून नेण्याची तर गरजच नाही. ज्या उपाहारगृहांत शीतपेयांचे नळ असतात तेथे बर्फाच्या पाण्याचा पेला मागितल्यास फुकट मिळतो. बॅगेची खोलीही पाहावी: स्पेस माउंटनसारख्या खेळाच्या गाडीत एकामागे एक अरुंद बैठका आहेत, तेथे फुगीर बॅग पायांशी नीट मावत नाही, आणि ट्रॉनच्या खेळापूर्वी तर ती लॉकरमध्येच ठेवावी लागते. मॅजिक किंगडमची मोटारी ठेवण्याची जागा उद्यानाच्या दाराशी नाही. तेथून मोनोरेलने अथवा सरोवरावरच्या नावेने पलीकडे जावे लागते, तेव्हा 'राहिलेले दुपारी मोटारीतून आणू' हा विचार तेथे उपयोगी पडत नाही. सकाळी पाठीवर जे घेतले तोच दिवसाचा सरंजाम.

भरण्याची रीत आता सांगतो. आदल्या रात्री बॅगेत एक जेलचा पॅक ठेवून ती आतून गार करून घ्यावी, नाहीतर पहिला तासभर बर्फ बॅगच थंड करीत बसतो. बाटल्या गोठवताना वर दोन बोटे जागा सोडावी, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. दुपारी त्याच बाटल्या वितळून प्यायला उपयोगी पडतील. शिदोरीची वाटणी गारव्याच्या गरजेप्रमाणे करावी. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, दाण्याचे लाडू यांस गारवा लागत नाही; ते बाहेरच्या कप्प्यात घालावेत, आतली मोलाची जागा त्यांनी अडवू नये. दहीभात, ताक, कापलेली फळे आणि काकडी यांस मात्र गारवा लागतो. ते स्टीलच्या डब्यांत घालून जेलच्या पॅकला लगटून ठेवावेत, कारण स्टीलमधून थंडी चटकन आत पोहोचते. लसणाची चटणी या खेपेस घरीच राहू दे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा दंडक असा आहे की नाशवंत अन्न ४० अंश फॅरनहाइटच्या वर दोन तासांहून अधिक राहू नये, आणि हवा ९० अंशांच्या, म्हणजे सेल्सिअसच्या सुमारे ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. तेव्हा दहीभात बाराच्या आत संपवावा, आणि उरलेला परत डब्यात न भरता टाकून द्यावा, मनाला कितीही लागले तरी.

विहीणबाईंच्या औषधाविषयी विशेष काळजी घे. इन्शुलिन उन्हाने बिघडते तसेच गोठल्यानेही बिघडते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर जसेच्या तसे दिसले तरी वापरण्यायोग्य राहत नाही. म्हणून ते लहान थैलीत, रुमालात गुंडाळून, जेलच्या पॅकला आणि गोठवलेल्या बाटल्यांना स्पर्श होणार नाही असे बॅगेच्या वरच्या अंगास ठेवावे. वापरात असलेले पेन सामान्यतः ३० अंशांच्या आत ठेवायचे असते, आणि जुलैत बंद मोटारीत तर ते अजिबात ठेवू नये. साखर एकाएकी उतरल्यास लागणारी खडीसाखर अथवा रसाची डबी मात्र त्यांच्या स्वतःच्या पर्समध्येच असावी, बॅग कोणाच्या पाठीवर आहे हे शोधण्याची वेळ येऊ नये. तुमच्या मुक्कामात आषाढी एकादशी आलीच तर त्या दिवसाच्या उपासाविषयी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा, आणि तो दिवस शक्यतो चालण्याचा न ठेवता घरी विश्रांतीचा ठेवावा.

शेवटी, ज्यासाठी एवढे लिहिले ते सांगतो. आपल्या घरांतून सहलीला निघताना शिदोरी बाई करते, भरते, वाहते, वाढते, आणि सर्वांचे झाल्यावर उरले तर खाते. सबंध दिवस तिच्या वाट्याला येतो तो इतरांच्या भुकेचा हिशेब ठेवण्यात. आजीच्या काळी तसे होते, तुझ्या आईच्या बाबतीतही तसेच झाले, पण तुझ्या बाबतीत तसे होऊ नये अशी माझी कळकळीची इच्छा आहे. म्हणून बॅग घेण्यास एकटी जाऊ नकोस. जावईबापूंस बरोबर ने, बॅगेत सहा किलो वजन घालून ती दोघांनीही पाठीवर चढवून दुकानात दहा मिनिटे हिंडा, आणि जिचे पट्टे रुंद आहेत, छातीवर बांधता येतात आणि दोघांच्याही खांद्यांस सहज जुळवता येतात, तीच घ्या. दोघांपैकी एकालाच जमणारी बॅग कितीही थंड ठेवणारी असली तरी ती आपल्या कामाची नाही. उद्यानात दर दोन तासांनी ती एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर गेली पाहिजे, असा दंडक पहिल्याच दिवशी घालून द्या; मुलेही तो पाहतील आणि पुढे पाळतील.

रात्री परतल्यावर बॅग खाण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने पुसून, झाकण उघडे ठेवून वाळू द्यावी, म्हणजे आत बुरशी धरणार नाही. तुम्ही मात्र रिकामी बॅगच घेऊन या. जेलचे पॅक, बाटल्या आणि दशम्यांचा बंदोबस्त इकडे तुझी मामी आणि मी दोघे मिळून करतो. विहीणबाईंस सा. नमस्कार, मुलांस गोड पापे. विमानाची वेळ निश्चित झाली की लगेच कळव.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मामा