चाळीस मायक्रॉन

गडद निळी गाडी घेऊ नकोस, असं पेंटशॉपमधल्या झाडून सगळ्यांनी मला बजावलं होतं. चाकणच्या एका कंपनीत मी रंगाच्या शेवटच्या तपासणीला असतो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या ट्यूबलाइटच्या रांगा, मधून गाडी सरकत जाते आणि आम्ही हातमोजे घालून बॉनेटवरून, दारांवरून तळहात फिरवत राहतो. डोळ्याला न दिसलेला खडा हाताला लागतो. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीत बरंच काही खपून जातं; काळ्या आणि गडद निळ्या गाडीत काहीच लपत नाही. हे रोज बघत असूनही मी निळीच घेतली. हौसेला मोल नसतं. सेकंडहँड होती, पण रंग कंपनीचाच होता, कुठे पुट्टी नव्हती. ती आणून चिखलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी केली.

गाडी आली आणि अण्णांना काम मिळालं. अण्णा म्हणजे माझे वडील, टेल्कोतून रिटायर झालेले. उभी हयात मशीन शॉपमध्ये गेली. शिफ्ट संपली की आधी मशीन पुसायचं आणि मग हात धुवायचे, हा तिथला शिरस्ता. तो त्यांच्या अंगात इतका मुरलेला की दुसऱ्याच दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, ते जुन्या धोतराचं फडकं घेऊन खाली उतरले. कोरडं फडकं. गाडी टपापासून पायरीपर्यंत पुसायची, फडकं झटकायचं, घडी करून डिकीत ठेवायचं. सोसायटीतल्या बाकीच्या गाड्या पुसायला एक पोरगा येतो. एका बादलीत, एकाच फडक्याने तो सगळी रांग उरकतो. अण्णांना ते मुळीच पसंत नव्हतं. आपल्या गाडीला त्यांनी त्याचा हात लागू दिला नाही.

पार्किंगच्या सावलीत गाडी झकास दिसायची. उन्हात काढली की मात्र बॉनेटवरच्या सूर्याभोवती कोळ्याचं जाळं. ओरखडे तसे गोल नसतात, ते सगळ्या दिशांनी गेलेले असतात. पण प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून नजरेला वर्तुळं दिसतात. आमच्या भाषेत स्वर्ल. निळा रंग त्या जाळ्याखाली राखाडी, धुरकट दिसायला लागतो आणि लोक म्हणतात, रंग उडाला. रंग जागेवरच असतो. प्रकाश सरळ परत येण्याऐवजी त्या बारीक चरांमध्ये फुटून विखुरतो, एवढंच.

चिखलीत तर कोरडं फडकं म्हणजे पॉलिश पेपरच. इथली धूळ नुसती मातीची नाही. कुदळवाडीत फेब्रुवारी 2025मध्ये महापालिकेने पत्र्याची हजारो शेडं पाडली, भंगाराची गोदामं हलली. पण आजूबाजूला अजून ठिकठिकाणी लहान वर्कशॉप आहेत, ग्राइंडर चालतात, लोखंड कापलं जातं. शिवाय मोशीपर्यंत इमारतींची कामं, त्यांची सिमेंटची भुकटी. लोखंडाची कणी रंगावर बसते, रुतते आणि दमट हवेत गंजते. शेजारच्या पांढऱ्या गाडीवर तिचे नारिंगी ठिपके स्पष्ट दिसतात. आमच्या निळ्या गाडीवर दिसत नव्हते, म्हणून अण्णांना पटत नव्हतं.

नवरात्रात पाऊस ओसरला आणि खंडेनवमीच्या आधीचा रविवार मी गाडीसाठी काढला. आधी पाण्याचा बंदोबस्त. नोव्हेंबर 2019पासून आमच्या शहराला एक दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. बोअरचं पाणी वापरावं तर ते इतकं जड की थेंब वाळला की पांढरा डाग मागे ठेवतो. म्हणून आदल्या दिवशी नळाचं पाणी भरून ठेवलं. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातातला मऊ मिट प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. माती त्या दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसते, गाडीवर परत जात नाही. कपड्यांची पावडर अजिबात नको. ती वॅक्स धुऊन नेते.

टपावर पार्किंगच्या स्लॅबमधून गळलेल्या पाण्याचे ओघळ होते. काँक्रीटमधून झिरपलेल्या पाण्यात चुना उतरतो आणि तो रंगाला धरून बसतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडकं त्या डागांवर थोडा वेळ ठेवलं आणि लगेच धुऊन काढलं. सगळे गेले नाहीत. कबुतरांच्या विष्ठेनेही एके ठिकाणी खोल चट्टा पाडला होता, तो अजून तसाच आहे.

गाडी वाळल्यावर अण्णा म्हणाले, "झाली की स्वच्छ. आता अजून काय?" मी ब्रेडची रिकामी पिशवी हातात चढवून त्यांच्यापुढे धरली. "अण्णा, ही घाला आणि बॉनेटवरून हात फिरवा." पातळ प्लास्टिकमधून खरखर हाताला जास्त जाणवते. अण्णांनी बोटं फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली. "अरे, याला तर बर आहे!" लोखंड कापल्यावर कडेला राहणाऱ्या कुसळाला मशीन शॉपात बर म्हणतात. ज्या माणसाने आयुष्यभर जॉबवरची बर काढली, त्याला यापुढे काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

लोखंडाच्या कणांसाठी एक फवारा मिळतो. त्याला उग्र वास येतो, पण तो मारला की थोड्या वेळात जांभळं पाणी ओघळायला लागतं. लोखंडाशी रसायनाची क्रिया होते त्याचा तो रंग. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर तर जांभळी धारच लागली. उरलेलं काम क्ले बारचं. तो मऊ गोळा ओल्या रंगावरून हलके सरकवला की रुतलेलं उचलून घेतो. खाली पडला तर मात्र फेकून द्यायचा, कारण जमिनीवरचा एक खडा पुढच्या सगळ्या दारांवर रेघ मारेल. अण्णांनी तो हातात घेतला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

मग पॉलिश. बाजारात पॉलिश, वॅक्स, कंपाउंड सगळं एकाच फळीवर मांडलेलं असतं आणि लोकही एकाच अर्थाने घेतात. पॉलिश घासतं, वॅक्स झाकतं. काही स्वस्त पॉलिशांत तेल जास्त असतं. ते ओरखड्यात भरतं, गाडी दोन धुण्यांपर्यंत चमकते आणि मग जाळं जसंच्या तसं. म्हणून मी एक पॅनल झालं की पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याने फिरवून बघतो. तेल निघून जातं, खरं काय ते दिसतं.

"किती काढायचा रंग?" अण्णांनी विचारलं.

"रंग नाही. रंगाच्या वर पारदर्शक क्लिअरकोट असतो, त्यातला दोनतीन मायक्रॉन."

"आणि आहे किती?"

"साधारण चाळीस."

आमच्या घरात मायक्रॉन ही गोष्ट माझ्यापेक्षा अण्णांची. डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉनचा, हे त्यांना मायक्रोमीटरवर मोजून माहीत. त्यांनी मनात भागाकार केला असावा. पण हिशेब तेवढा सरळ नाही, हे मला सांगावं लागलं: ऊन अडवणारे घटक क्लिअरकोटमध्येच असतात. तो फार पातळ झाला की उन्हात उकलायला लागतो, सालं निघतात. मग पॉलिशने काही होत नाही, पुन्हा रंगच मारावा लागतो. म्हणजे ही चमक बाहेरून आणून लावलेली नसते. ती प्रत्येक वेळी गाठीशी असलेल्या थरातून खर्चून मिळते. पूर्वीच्या फियाटला पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग यायचा, त्यामुळे आपण काहीतरी खरवडतोय हे दिसायचं तरी. आता फडकं पांढरं राहतं.

मशीन माझ्याकडे आहे, डबल अ‍ॅक्शनचं. नुसतं गोल फिरणारं मशीन नवख्याने हातात धरू नये. एका जागी थांबलं तर रंग तापून जळतो. कडांना मी टेप लावतो, कारण कडेवर थर सगळ्यात पातळ. दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन घ्यायचा, पॅडवर पॉलिशचे चार लहान थेंब, आधी आडवे मग उभे हात. दाराच्या हँडलमागच्या खोलगट वाटीत, जिथे नखांचे ओरखडे पडतात, मशीन जात नाही. ते अण्णांनी बोटाने केलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी आमच्या लाइनवरच्या पोरांना दाखवायला हवं.

वॅक्स शेवटी, आणि सावलीत, पत्रा गार असताना. माझ्या डबीतलं कार्नौबा ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवरून येतं. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःच हा मेणाचा लेप चढवतं. पानं वाळवून, झोडपून तो काढतात. गोळ्यांवर आणि मिठायांवर चकाकी आणायलाही हेच मेण वापरतात. अण्णांना ते जाड थापायचं होतं. पण मेण जितकं पातळ तितकं बरं. जास्तीचं शेवटी फडक्यातच जातं. बोट फिरवून बघायचं, खालचा रंग स्वच्छ दिसला की पुसायला तयार. आमच्या पेंटशॉपमध्ये मात्र असली डबी कोणी आत नेऊ शकत नाही. सिलिकॉनच्या धास्तीने तिथे डिओसुद्धा चालत नाही. त्याचा अंश ओल्या रंगावर पडला की रंग फाकतो, खड्डे पडतात.

स्पाइन रोडला सिरॅमिक कोटिंगची दुकानं ओळीने उघडली आहेत. वाईट नाही तो प्रकार, वॅक्सपेक्षा पुष्कळ टिकतो. पण त्याच्यावरून रोज कोरडं फडकं फिरलं तर तोही ओरखडतो, आणि मग हजारो रुपये गेल्याचं दुःख वेगळं. दर दोनेक महिन्यांनी डबी उघडणं मला परवडतं.

अण्णांचं सकाळी खाली जाणं काही थांबलं नाही. धोतराचं फडकं आता काचेपुरतं आहे. धूळ जास्त असली तर ते हाताची घडी घालून गाडीभोवती एक चक्कर मारतात आणि वर येऊन मला सांगतात, "आज धुवावी लागेल."

खंडेनवमीला आईने पाटावर अण्णांचा व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने आणि माझं पॉलिशचं मशीन मांडलं, पूजा केली आणि हळदकुंकवाची कोयरी घेऊन आम्ही खाली आलो. आई ओल्या बोटाने बॉनेटवर स्वस्तिक काढायला वाकली, तोच अण्णांनी हात आडवा घातला.

"तिथे नको. चाळीस मायक्रॉन आहे फक्त. काचेवर काढ."