भुयाराच्या माथ्यावरील गिरगाव

पायधुनीच्या गोडीजी पार्श्वनाथ मंदिरात दर्शन घेऊन पश्चिमेकडे निघालेला यात्रिक काळबादेवीची गर्दी ओलांडून गिरगावच्या वाड्यांत शिरतो, तेव्हा पायांखालून गाडी धावते आहे, याची त्याला जाणीवही होत नाही. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची, बहुतांश भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णत्वास गेली. काळबादेवी व गिरगाव ही तिची स्थानके जुन्या चाळींच्या कुशीतच आहेत.

या चाळी म्हणजे लाकडी खांब, तुळया आणि चुन्यात रचलेल्या विटा. १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला ती केशवजी नाईकांची चाळ याच परिसरातली. साहजिकच खोदाई सुरू होताच रहिवाशांच्या मनात धास्ती बसली. २०१८ साली पारशी भाविकांनीही आपल्या आतषबेहरामांसाठी उच्च न्यायालयात दाद मागितली होती.

चाक आणि रूळ कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांत सूक्ष्म उंचसखलपणा असतोच. त्यातून उठलेला कंप भुयाराच्या काँक्रीट कवचातून खडकात, खडकातून पायात आणि पायातून भिंतींत चढतो. लाकडी तक्तपोशी मधोमध अधिक हलते. म्हणून पाया जवळजवळ स्थिर असतानाही फडताळातले पेले किणकिणू शकतात. सेकंदाला ०.३ मिलिमीटर एवढ्या अल्प वेगाचा कंपही घरात बसलेल्या माणसाला जाणवू लागतो. उलट नाजूक पुरातन वास्तूंसाठीची जर्मन मानकातील सर्वांत कडक मर्यादा पायापाशी सेकंदाला ३ मिलिमीटर आहे. जाणवणे आणि तडा जाणे यांत एवढे अंतर! अर्थात, रात्री उशाखाली घरघर ऐकणाऱ्या वृद्धेला हे गणित सांगून झोप येत नाही. तिची तक्रार खरीच आहे.

भिंतीची भेग हा मात्र निराळा प्रश्न. खोदाईने भूजल उतरते, माती दबते, पाया खचतो. पावसाने कुजलेली तुळई आणि मागाहून चढवलेला मजलाही तशीच भेग पाडतात. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीची, तारीख घातलेली छायाचित्रे मोलाची. ती नसतील, तर वाद केवळ शब्दांचा उरतो. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. पट्टी दुभंगली, तर भिंत अजून हलते आहे.

या मार्गावर रुळांखालचे काँक्रीटचे ठोकळे रबरी आवरणात बसवून कंप शोषण्याची व्यवस्था केलेली आहे. तथापि चाके झिजतात, त्यांना सपाट चट्टे पडतात, रूळ खरबरीत होतात. घासकाम लांबले, की चाळीतले पेले पुन्हा किणकिणू लागतील.