क्राउनवरची कप्पी

मुंबई हायवरच्या आमच्या रिगवर दीड इंची ड्रिलिंग लाइन बदलून फार दिवस झाले नव्हते. टन-मैलांचा हिशेबही मर्यादेत होता. तरी ड्रॉवर्क्सच्या ड्रमवर येणाऱ्या पट्ट्यात तुटक्या तारा दिसू लागल्या. पेडाच्या पाठीवर दोन-चार तारा झिजून तुटतात, ते समजू शकतो. पण दोन पेडांच्या फटीत तार तुटलेली दिसली की मला स्वस्थ बसवत नाही.

“नवी दोरी आहे हो साहेब, रिळातच खोट असेल,” ड्रिलर म्हणाला. दोरीला दोष देणं सोपं असतं, कारण ती खाली दिसते. कप्प्या दीडशे फुटांवर, डेरिकच्या माथ्यावरच्या क्राउनमध्ये.

स्लिप-अँड-कटसाठी, म्हणजे दोरी पुढे सरकवून झिजलेला भाग कापण्यासाठी, ब्लॉक हँग-ऑफ केला, लाइन ढिली पडली, ड्रॉवर्क्सला कुलूप लागलं, तेव्हा डेरिकमनबरोबर वर गेलो. खिसे आधीच रिकामे केले होते. खाच मोजायचं गेज आणि टॉर्चसुद्धा दोरीने कमरेला बांधलेले. तिथून साधा नट निसटला तरी खालच्या माणसाचं हेल्मेट त्याला पुरत नाही.

पहिला हात ड्रमकडे जाणाऱ्या फास्ट लाइनच्या कप्पीला. दहा लाइन ओवलेल्या असताना ब्लॉक एक फूट हलला की फास्ट लाइन दहा फूट धावते, म्हणून सगळ्यात जास्त ही कप्पी झिजते. दुसऱ्या, बांधलेल्या टोकाच्या डेडलाइनची जवळजवळ फिरतच नाही. बेअरिंग ठीक होतं, कड धरून हलवली तर खडखड नव्हती. मग चिंधीने ग्रीस पुसलं. खाचेच्या तळाशी पेडांचे तिरपे ठसे उमटले होते, बोटाला लागण्याइतके खोल. गेज आत घातलं आणि मागून टॉर्च धरला. गेजखालून प्रकाश आला. म्हणजे ते तळाला टेकतच नव्हतं.

जुनी दोरी झिजून बारीक होत गेली, तशी तिने खाचही आपल्या मापाची कोरून घेतली. आता पूर्ण जाडीची नवी दोरी त्यात चेपली जात होती, आणि पोलादावरचे ते ठसे तिच्या पेडांशी जुळत नसल्याने कानशीसारखे तिला घासत होते. टन-मैलांच्या वहीत यातलं काही उमटत नाही. ती फक्त दोरीने किती काम केलं ते सांगते.

कप्पी बदलायची म्हणजे ड्रिलिंग बंद, आणि रिगचं भाडं चालूच. टूलपुशरने किनाऱ्यावर फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मला शेजारची खुर्ची दाखवली. वाईट बातमी त्याला माझ्या तोंडून ऐकवायची होती.