वाक्य कोणाचं?

मैत्रिणींनो, दिवाळी अंकासाठी एखादी कथा लिहावी, असं तुम्हालाही कधीतरी वाटलंच असेल. मी भोरला एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. यंदा दुपारची झाकपाक आटोपल्यावर वही घेऊन बसले आणि माहेरची, वेल्ह्याची एक रात्र लिहून काढली. माझ्या कॉलेजचा प्रश्न निघाला होता, ती रात्र. जागा वाचावी म्हणून आई-दादांचं बोलणं एकाच परिच्छेदात कोंबलं:

“पैसे कुठून आणायचे?” दादांनी अडकित्ता खाली ठेवला. “पाटल्या मोडू, पण पोरीला कॉलेजात घालायचंच.” आई भाकरी थापत होती.

ह्यांनी ते मोठ्याने वाचलं नि म्हणाले, “तुझे वडील मोठ्या मनाचे हो!”

आई तेव्हा आमच्याकडेच आलेली, तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. ते वाक्य तिचं होतं.

चूक माझीच. आपल्या भाषेत ‘जातो’, ‘जाते’ यावरून बोलणारा कळतो. ‘मोडू’, ‘घालायचंच’ यांवरून मात्र बाई की पुरुष, काही कळत नाही. तिथे परिच्छेदच उपयोगी पडतो. बोलणारं माणूस बदललं की नवी ओळ. बोलताना त्याने जे केलं, ते त्याच्याच ओळीत. दुसऱ्याने उत्तर न देता नुसता हात थांबवला, तरी त्यालाही नवी ओळ. एवढं सांभाळलं की दर वाक्याला ‘ती म्हणाली’ लागत नाही. दोघांचं बोलणं लांबलं, तर मध्येच एकदा नाव घ्यावं.

जुने मोडी कागद पाहिलेत? शब्दांमध्येसुद्धा जागा सोडलेली नसते. विरामचिन्हं मराठीत रुजवली मेजर कँडी यांनी. त्यावरची त्यांची पुस्तिका १८५० सालची. म्हणजे ही सोय आपल्याकडे तशी अलीकडचीच, आणि मी ती कागदाच्या काटकसरीपायी घालवली!

रात्री पुन्हा लिहिलं:

“पैसे कुठून आणायचे?” दादांनी अडकित्ता खाली ठेवला.

आई भाकरी थापत होती. “पाटल्या मोडू, पण पोरीला कॉलेजात घालायचंच.”

सकाळी आईला वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चार तोळ्यांच्या होत्या. तेवढं लिही.”

लिहिलं. तिच्याच ओळीत.