चतुराची शेपटी

परवा पार्किंगमध्ये नुकत्याच धुतलेल्या गाडीच्या बॉनेटवर चतुराची एक मादी पुन्हा पुन्हा शेपटी टेकवत होती. चकाकता पत्रा तिला पाणी वाटला असणार. सगळी अंडी फुकट! हुसकावलं, तरी परत आलीच.

लहानपणी याच शेपटीला आम्ही दोरा बांधायचो. आमचं हेलिकॉप्टर! शेपटी कसली, ते त्याचं पोटच. नर तिच्या टोकावरच्या चिमट्याने मादीची मान धरतो, ती आपलं पोट वाकवून त्याच्या छातीजवळ आणते, दोघांचा मिळून बदाम होतो. मग त्याच टोकाने ती पाण्यात अंडी सोडते.

पिल्लू पाण्यात डासांच्या अळ्या खात, कात टाकत वाढतं. काही जातींत तर वर्षभर किंवा जास्तच. मग एखाद्या काडीवर चढून पाठ उकलून बाहेर येतं. पंख फुटले म्हणून लगेच वयात येत नाही हं! काही दिवस फिकट अंगाने पाण्यापासून लांब हिंडतं, रंग चढला की तळ्यावर परततं. पुढे उरतात फार तर काही आठवडे. तेवढ्यातच आमचा दोरा.

दादाला फोनवर हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गाठ मी मारायचो गं, पण पकडून तूच आणायचीस."


खरंय.