शाहिराचा शब्द जाता कामा नये

कशेडी घाटाच्या पायथ्याशी आमची वाडी. गणपतीतला जाखडी नाच भाऊ मिनीडीव्ही कॅसेटवर घ्यायचे. तासाभराची कॅसेट संगणकात उतरवली की तेरा जीबी. इकडे परळच्या चाळीत रात्रपाळीमुळे गावाला न आलेले काका, आणि त्यांच्या मोबाईलमध्ये एक जीबीचं कार्ड, तेही अर्धं भजनांनी भरलेलं. २००९-१०च्या सुमाराची गोष्ट. काकांना त्या कार्डावर नाच दाखवला तो भाऊंनी, आणि मला हातात कला दिली तीही त्यांनीच.

पोलादपूरला स्टँडजवळ भाऊंचा गाळा. रिचार्ज, पासपोर्ट फोटो, कार्डात गाणी भरून देणं, लग्नाचं शूटिंग. सुट्टीत मी तिथे बसायचो. फॉरमॅट फॅक्टरी या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीजीपी निवडायचं, चौकट १७६ बाय १४४, सेकंदाला पंधरा चित्रं, की तासाभराचा नाच साठेक एमबीत मावायचा. काम रात्रभर चालायचं. मध्येच लोडशेडिंग झालं की पहिल्यापासून सुरू.

पण भाऊंची खरी करामत संगणकाच्या आधीची. कॅमेरा तिवईवर ठेवला की हलवायचा नाही, झूम तर नाहीच. नाचणाऱ्यांमागे एकरंगी चादर, वर जादा हॅलोजन. मी कारण विचारलं. म्हणाले, "अरे, मागची चादर हलत नाही, म्हणून ती एकदाच लिहायची. हललेले हातपाय तेवढे पुन्हा लिहायचे. अंधारात दाणे येतात ना, ते उगाच जागा खातात." गुलाल उधळला की मात्र त्यांचा नाइलाज. प्रत्येक कण वेगळा हलणार, मग पडदाभर चौकोनच चौकोन.

ते चौकोन कुठून येतात हे पुढे कॉलेजात कळलं. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे करायचे, डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळायचे. त्यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली मांडलं. त्याआधी अहमद यांनी या संशोधनासाठी मागितलेलं अनुदान नाकारलं गेलं होतं. तेही ऋण आहेच, पण ते साऱ्या जगाचं. भाऊंचं फक्त माझं.

एका बाबतीत ते हटून बसायचे. मी जागा वाचवायला आवाजाचा दर्जा उतरवला की पुन्हा वर चढवायचे. "चित्र फुटलं तर चालेल. शाहिराचा शब्द जाता कामा नये." जाखडीतला शक्ती-तुऱ्याचा सामना म्हणजे दोन पक्षांचे सवाल-जवाब. शब्दच कळला नाही तर पाय बघून काय करायचं? कार्ड कागदात गुंडाळून पानाच्या डबीत घालायचे आणि मुंबईला निघालेल्या कुणाच्या तरी हाती द्यायचे. पैसे? "काकांना सांग, तुऱ्यावाल्यांनी कसा जवाब दिला ते कळव. तेच पैसे."

२०१६ला जिओ आलं आणि कार्ड भरून घ्यायला कुणी येईना. भाऊ आता फोनची कव्हरं विकतात. परवा त्यांचा फोन आला. जुन्या कॅसेटी पोरांच्या मोबाईलवर पाठवायच्या होत्या. हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, एच.२६४ ठेवा, दर्जाचा आकडा बावीस-तेवीस, असं मी सांगत होतो. त्यांनी मध्येच तोडलं.

"ते राहू दे. आवाज किती ठेवू?"

"एकशे अठ्ठावीस."

"एकशे साठ ठेवतो."